कारवी मेली त्या वर्षीचा उजेड

भारा बांधायला एक बाई पुरते. वाहायलाही एकच लागते. पण जमिनीवरचा भारा डोक्यावर चढवायला दोघी लागतात. म्हणून आमच्या वाडीतल्या बायका लाकडाला जोडीनं जायच्या. जोडी एकदा ठरली की सहसा बदलत नसे.

डोंगरातून उतरताना एका वळणावर कमरेएवढा सपाट धोंडा आहे. तिथपर्यंत भारे ओढत, लोटत आणायचे. तिथं एकीनं दुसरीला भारा उचलून द्यायचा. ती झाली पुढची. राहिलेलीनं आपला भारा कसाबसा धोंड्यावर चढवायचा, पुढे वाकून त्याच्याखाली मान घालायची, चुंबळीवर तो नीट बसवायचा आणि गुडघ्यांच्या बळावर उठायचं. ती मागची. उठताना भारा डोलतो, तेव्हा पुढचीनं डोक्यावर ओझं असतानाच एक हात लांब करून त्याला टेका द्यायचा. मागची सरळ उभी राहीपर्यंत पुढचीनं जागचं हलायचं नाही. हा नियम कोणी केला मला माहीत नाही. आज तू पुढची, उद्या मी, एवढं सरळ होतं.

माझी जोडीण धनगराची होती. आमच्या वाडीच्या वर, पठाराच्या कडेला त्यांची दोन घरं आणि शेळ्यांचा वाडा. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, उंच, कमी बोलणारी. मी बारा वर्षं तिच्याबरोबर गेले. आज पौडच्या रस्त्याला माझी लाकडाची वखार आहे, टेम्पो आहे, माणसं हाताखाली आहेत. हे सगळं मी कोणाच्या मेहेरबानीनं उभं केलेलं नाही. तरी सकाळी वखारीचं कुलूप काढताना अजून वाटतं, कोणीतरी मागून म्हणावं, "चल गं, ऊन चढलं."

त्या दिवसांत आम्ही माले गावावरून पौडच्या बाजाराला चालत भारे न्यायचो. जायला दोन-अडीच तास. लाकूड पारखायचं काम तिचं, विकायचं माझं. ती वाळलेल्या लाकडाचे दोन तुकडे एकमेकांवर आपटायची. खणखण वाजलं तर घ्यायचं, मऊ आवाज आला तर तिथंच टाकायचं. तिच्यामुळे आमच्या भाऱ्यात कधी ओलं लाकूड निघालं नाही, आणि माझ्यामुळे तो भारा कधी पडेल भावात गेला नाही. पौडच्या स्टँडजवळ एक हॉटेलवाला होता. रोज एकच बोलायचा.

"बाई, भारा बारीक झाला ह्यो."

"भारा तेवढाच हाय. तुजं पोट वाढलंय, म्हनून तुला बारीक दिसतुया."

तो हसायचा, आणि हसला की मी भाव वाढवून मागायची. जोडीण बाजूला उभी राहून पदरानं घाम पुसायची. परतताना म्हणायची, "तू भांडतीस तवा मला भ्या वाटतं. आनि भांडली न्हाईस तर जेवन जात न्हाई." मग आम्ही दोघी मोकळ्या डोक्यानं, हात हलवत, अर्ध्या रस्त्यात करवंदाच्या जाळीपाशी बसून भाकरी खायचो. डोक्यावर काही नसलं की मान आपोआप वर जाते. तसं मोकळं चालणं मला नंतर कधी मिळालं नाही. टेम्पोत बसून मिळत नाही.

ज्या वर्षी लोक शतक बदललं म्हणत होते, त्या वर्षीच्या पावसाच्या शेवटी आमच्या डोंगरावर कारवी फुलली. कारवी हे माणसाहून उंच वाढणारं झुडूप. सात वर्षं नुसती वाढते, आठव्या पावसात सगळीच्या सगळी एकदम फुलते, बी टाकते आणि मरते. पुढच्या उन्हाळ्यात डोंगर वाळलेल्या काड्यांनी भरून जातो. ती वाळकी कारवी हाताच्या झटक्यानं मोडते, एका काडीपेटीच्या काडीवर धडधडून पेटते. जोडीण आपलं आयुष्य कारवीवर मोजायची. एका फुलोऱ्याला तिचं लग्न झालं, पुढच्याला सासरा गेला. हा तिचा चौथा फुलोरा होता. "आजून दोन बघितलं तर लई झालं," ती म्हणायची.

त्याच मेलेल्या कारवीच्या उन्हाळ्यात एक इंजिनीयर आमच्या वाडीत आला. नोकरीसाठी विदर्भातून पुण्याला आलेला, तिशी ओलांडलेला, सावकाश बोलणारा माणूस. त्याच्या संस्थेकडे एक यंत्र होतं. लाकडाचे बारीक तुकडे बंद भट्टीत अर्धवट जाळायचे, त्यातून निघणारा वायू धुऊन गार करायचा, तो इंजिनाला द्यायचा आणि इंजिनावर वीज करायची. आमच्या खाली धरण आहे. त्याच्या पाण्यावर झालेली वीज तारांवरून डोंगरापलीकडे जाते, हे आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. आमच्या घरात रॉकेलची चिमणी होती. त्यामुळे त्यानं चावडीवर सगळ्यांना बसवून सांगितलं तेव्हा कोणी शंका काढली नाही. मीच एकटीनं विचारलं.

"लाकूड कोन देनार?"

"तुम्हीच द्या ना, ताई. वजनावर घेऊ. इथंच, वाडीत."

इथंच. हा शब्द मी दिवसभर मनात घोळवला. म्हणजे पौडची वाट बंद. अडीच तास जाणं, तेवढंच येणं, ऊन, पायाला फोड, हॉटेलवाल्याचं रोजचं तोंड, सगळं बंद. लाकूड डोंगरातून उतरवायचं आणि दारात काट्यावर ठेवायचं. मला दुसरं काही दिसेना.

पण तो हिशेबी माणूस होता. डोंगर किती लाकूड देईल हे आधी मोजायचं म्हणाला. चार दिवस तो आम्हा दोघींना घेऊन फिरला. उतारावर सुतळीनं चौकोन आखायचा, त्यातलं पडलेलं, मेलेलं, वाळलेलं सगळं गोळा करायचं, तोलायचं आणि वहीत लिहायचं. सगळीकडे मेलेली कारवी. प्रत्येक चौकोनात ढीग. तो खूश होत होता. चौथ्या दिवशी दुपारी हिरड्याच्या सावलीत बसून त्यानं विचारलं, "दर वर्षी साधारण एवढंच मिळत असेल ना?"

जोडीण म्हणाली, "न्हाई, सायेब. ही कारवी मेलीया म्हनून दिसतंय. आता ही पुन्यांदा वाढनार. तवर असं—"

मी तिला पुढे बोलू दिलं नाही.

"तिला मोजमाप कळत न्हाई, सायेब," मी म्हणाले. "ती शेळ्यांच्या मागं फिरनारी. लाकूड इकती ती मी. मी सांगते, डोंगराला तोटा न्हाई."

साहेबानं माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि लिहिलं. तो बाहेरचा माणूस. कारवी कशी जगते हे त्याला कोणी शिकवलं नसावं. मला मात्र माहीत होतं. हे मी आज लिहिते आहे, कारण इतक्या वर्षांत एकीशिवाय मी ते कोणापाशी कबूल केलेलं नाही. ग्राहकाला मालाची खोट सांगायची नाही, हे मी पौडच्या स्टँडवर शिकले होते, आणि त्या दुपारी माझ्या डोळ्यांसमोर तो ग्राहक होता, बाकी काही नाही. जोडीण सुतळी गुंडाळायला लागली. उतरताना धोंड्यापाशी मी म्हणाले, "तुजं बी चालनं वाचंल की गं." ती म्हणाली, "व्हय." त्या दिवशी मागची व्हायची पाळी तिची होती.

पावसाळ्यानंतर यंत्र आलं. पत्र्याची शेड, पुरुषभर उंचीची भट्टी, नळ, पाण्याची टाकी, इंजिन. पहिल्या संध्याकाळी ते बराच वेळ खोकत राहिलं आणि मग एका सुरात लागलं. घराघरातला दिवा पेटला. एका म्हातारीनं दिव्याला हात जोडले, मग आपल्याच घराचं छप्पर बघून म्हणाली, "लई जाळी साचलीत की." दुसऱ्या दिवशी वाडीभर झाडझूड. रोज संध्याकाळी तीन तास उजेड. पिठाची छोटी गिरणीही त्यावर लागली. ते पहिलं वर्ष मी विसरणार नाही. काम होतं, उजेड होता, आणि यंत्र आणणारी म्हणून लोक मला वाट देत होते.

त्याच वर्षी वाडीच्या कमिटीनं मला काट्यावर बसवलं. बायकांचे भारे तोलायचे, ओलं-वाळलं बघायचं. माझा आवाज मोठा, मला कोणी फसवणार नाही, म्हणून. मी डोंगरात जाणं बंद केलं. मला ती बढती वाटली. जोडीण आता कोणाबरोबर जाते, असं मी एकदाही विचारलं नाही. बाकीच्या जोड्या ठरलेल्या होत्या. तिसरीला कोणी घेत नाही, कारण मग पाळी मोडते. ती एकटी जाऊ लागली होती.

मेलेली कारवी एक पाऊस कशीबशी तग धरते, दुसऱ्यात कुजते. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात डोंगरावर गुडघाभर हिरवी रोपं आणि खाली काळा चिखल झालेल्या काड्या. भट्टीची भूक तेवढीच. आधी बायका लांब जाऊ लागल्या, मग ऐनाच्या, जांभळाच्या झाडांच्या ओल्या फांद्या यायला लागल्या. वनखात्याचा गार्ड दोनदा येऊन दम देऊन गेला. ओल्या लाकडानं भट्टीत डांबर होतं, ते नळांत बसतं, गाळण्या तुंबतात आणि इंजिन बंद पडतं. साहेब शनिवारी-रविवारी येऊन नळ साफ करायचा. कोपरापर्यंत काळे हात. एकदा तो म्हणाला, "ताई, ओलं घेऊच नका. कोणाचंही असो. नाहीतर हे बंद पडेल."

"बंद पडायचं न्हाई," मी म्हणाले. माझा शब्द अडकला होता त्यात.

त्यानंतर मी प्रत्येक भाऱ्यातले दोन तुकडे काढून एकमेकांवर आपटू लागले. जोडीणीनं शिकवलेलं तेच.

एप्रिलच्या एका सकाळी काट्यावर सात-आठ बायका रांगेत होत्या. जोडीण शेवटी आली. भारा डोक्यावर नव्हता, दोरीनं ओढत आणला होता. मी दोन काड्या काढल्या, आपटल्या. मऊ आवाज. पुन्हा दुसऱ्या काढल्या. तोच.

"ह्यो न्यावा परत," मी म्हणाले.

 मागून कोणीतरी हसलं. "जोडनीचा बी परत?"

त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. जोडीणीचा घेतला तर उद्या सगळ्या ओलं आणतील, आणि परत केला तर ह्या हसणार. मी भारा काट्यावरून लोटला. "तुलाच लाकूड कळतं म्हनून सांगत फिरायचीस न्हवं? हे कळलं न्हाई व्हय तुला?" दोरी सुटली, काड्या चिखलात पसरल्या. आदल्या रात्री वळीव पडून गेला होता.

तिनं वाकून काड्या गोळा केल्या नाहीत. दोरी तेवढी उचलून गुंडाळली. मग म्हणाली, "ठोकून बगितलंस. इचारलं न्हाईस."

"काय इचारायचंय त्यात?"

ती निघून गेली. मला राग आला होता तो दिवसभर गेला नाही. मी माझं काम करत होते. कोणाचंही असो, असं साहेबानं सांगितलं होतं. वाडीचा उजेड माझ्या जबाबदारीवर होता. हे मी घरी सांगितलं, शेजारी सांगितलं, आणि कोणी न विचारता पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

चार दिवसांनी त्या रांगेतलीच एक बाई गिरणीवर भेटली. म्हणाली, "तुमी तिला बोललासा, पर तिचं लाकूड वाळलेलंच व्हतं. मी बगितलं ना आदल्या दिशी. धोंड्यावर ठिवून उठाय बगत हुती. दोनदा पडली. आमच्या दोगींच्या डोईवर भारं, आमी काय करनार. मग तिथंच ठिवून खाली आली. आनि रातच्याला पाऊस."

मी दळण तसंच ठेवून घरी आले. तिच्याकडे वर जायला अर्धा तास लागतो. त्या संध्याकाळी जावं असं वाटलं. मग वाटलं, ती आपण होऊन का नाही बोलली. तोंड होतं ना. दुसऱ्या दिवशी जाऊ. दुसऱ्या दिवशी गाळणी तुंबली. असं करत पंधरा दिवस गेले. मी कोणाला आधी शब्द टाकायला शिकलेच नव्हते. बाजारात जो आधी आकडा बोलतो तो हरतो, आणि मी घरीही तशीच राहिले.

मे महिन्यात मी यंत्राच्या एका सुट्या भागासाठी पुण्याला गेले होते. परत आले तर वरची धनगराची घरं रिकामी. शेळ्या विकल्या, तिच्या मुलाला पुण्याजवळ माण गावात, कंपन्यांच्या भागात रखवालदाराचं काम लागलं, सगळे तिकडे गेले. मला कोणी निरोपही दिला नाही. बारा वर्षांची जोडी, आणि जाताना सांगावंसं वाटलं नाही, हे मी मनात धरलं. ते धरल्यावर माझी चूक जरा लहान दिसू लागली. मी तेच धरून ठेवलं.

यंत्र त्या पावसाळ्यात बंद पडलं ते पडलंच. साहेब शेवटचा आला तेव्हा वही उघडून बराच वेळ बसला. "आमचं मोजण्यात कुठंतरी चुकलं," तो म्हणाला. मी त्याला चहा दिला. सांगितलं नाही. तो भला माणूस होता, आणि ती चूक आयुष्यभर आपली समजत राहिला असेल. ह्या ओळी कधी त्याच्या हातात पडल्या तर त्याला कळावं, चूक वहीत नव्हती.

वाडीतले लोक अजून म्हणतात, हिनं आमचा उजेड घालवला. पुढे तीन वर्षांनी सरकारी विजेची तार आली तेव्हाही म्हणत होते. उजेड आणला कोणी, हे कोणी म्हणत नाही. काट्यावर बसून मी कोणाचं काय खाल्लं? ओल्या फांद्या तोडून आणणाऱ्या त्या, आणि नाव माझं. हा राग मला पौडला घेऊन आला. एका बंद पडलेल्या शेडमध्ये वखार टाकली. भात गिरणीचा तूस, सुतारांचा भुसा, फार्महाउसवाल्यांच्या बागांची छाटणी, जे फुकट किंवा फेकलेलं मिळेल ते गोळा करू लागले. भुसा आणि तूस दाबून त्याच्या कांड्या करणाऱ्या कारखान्याला माल देऊ लागले. त्या कांड्या कंपन्यांच्या बॉयलरमध्ये जातात. कोळशापेक्षा स्वस्त म्हणून त्यांना हव्या असतात.

ह्या धंद्यात मला जे कळलं ते आधी कळलं असतं तर आमचं यंत्र चाललं असतं, असं अजून वाटतं. जंगल जे स्वतः टाकतं तेवढंच त्याचं घ्यावं. आठ वर्षांतून एकदा ते भरभरून टाकतं, ते वाळवून पत्र्याखाली रचून ठेवावं. बाकीच्या वर्षांना भाताचा तूस आहे, बांबू आहे, बांधावरच्या झाडांची छाटणी आहे. आणि यंत्र लहान हवं. आमची वाडी तीन तासांऐवजी एका तासाच्या उजेडावर खूश राहिली असती. किती लहान, हे जोडीणीनं सांगितलं असतं. ती एकदा सहज म्हणाली होती, आमचा डोंगर कारवी नसताना फार तर दहा चुली पोसतो. साहेबाच्या सुतळीच्या चौकोनांपेक्षा ते जास्त खरं होतं. पण तो आकडा तिच्या तोंडून मी बाहेरच येऊ दिला नाही. आता मोठमोठ्या बॉयलरसाठी लाकूड मागायला माणसं माझ्या वखारीत येतात, डोंगराकडे हात करून विचारतात, "तिथं भरपूर असेल ना?" मी म्हणते, "न्हाई." ते समजतात मी भाव वाढवते आहे.

मधल्या वर्षांत मी डोंगरावर गेले नाही. पण कारवी वाढत होती हे मी मनात मोजत होते. आठवा पाऊस संपता संपता वखारीत एक गिऱ्हाईक म्हणालं, तुमच्याकडचे डोंगर जांभळे झालेत, मुंबईपुण्याचे लोक फोटो काढायला येतात. मला एकदम आठवलं, हा तिचा पाचवा.

पुढच्या एप्रिलमध्ये एक दिवस वखार बंद ठेवली. टेम्पो खाली रस्त्यावर उभा करून ड्रायव्हरला तिथंच बस म्हटलं आणि उजाडता उजाडता एकटी वर गेले. सगळा उतार मेलेल्या कारवीनं करडा झाला होता. एकही माणूस नाही. कोयत्याचा आवाज नाही. वाडीत आता घरोघर गॅस आहे. मी भारा बांधला, मुद्दाम लहान बांधला, तरी धोंड्यापर्यंत आणताना दम लागला. धोंडा तसाच होता. वरची बाजू आमच्या भाऱ्यांनी घासून गुळगुळीत झालेली. मी खाली मान घातली, उठले. भारा डाव्या अंगाला गेला आणि मी त्याच्याबरोबर पडले. गुडघा फुटला. दुसऱ्यांदा उठले तेव्हा सवयीनं मान वळवून बघितलं, टेका द्यायला हात येतो का.

तो भारा टेम्पोत टाकून मी तशीच माणला गेले.

माण आता गाव राहिलेलं नाही. शेतांच्या जागी काचेच्या इमारती, आणि ज्यांची शेतं गेली त्यांनी घरामागे खोल्यांच्या रांगा बांधून भाड्यानं दिल्या आहेत. चार ठिकाणी विचारत एका चाळीच्या मागच्या अंगणात पोहोचले. तिथं तांब्याचा एक मोठा बंब धुमसत होता आणि त्याच्याजवळ पाट टाकून ती बसली होती. केस बरेच पांढरे. चाळीतल्या नोकरदार पोरांना अंघोळीचं पाणी तापवून द्यायचं काम तिनं धरलं होतं. इमारतींच्या बांधकामावरच्या मोडक्या फळ्या, खोक्यांची लाकडं जाळून. सुट्टीचा दिवस असावा, दुपार व्हायला आली तरी खोल्यांच्या दारात बिनअंघोळीची माणसं होती.

तिनं वर पाहिलं. उठली नाही.

"आलीस व्हय," ती म्हणाली. "बस."

मी बाजूच्या एका फळीवर बसले. किती वर्षं काय काय बोलायचं ठरवलेलं. तोंडातून आलं ते भलतंच.

"जाताना सांगून गेली न्हाईस."

"आलते सांगाय," ती म्हणाली. "तू पुन्याला गेलीस त्याच्या आदल्या सांजला. काट्यावर गर्दी व्हती. तू कुनाला तरी वरडत व्हतीस. मी जरा उबी र्‍हायले. मग गेले."

 इतकी वर्षं ज्या रागावर मी उभी होते तो त्या एका वाक्यात माझ्या पायाखालून गेला. बंबात लाकूड तडतडत होतं. एक चष्मेवाला पोरगा हातात बादली घेऊन आला. "मावशी, पाणी होतंय का? मला जरा बाहेर जायचंय."

"जरा दम काड, बाबा. फळी वली हाय आज."

तो मोबाइल बघत उभा राहिला. ती माझ्या पायाकडे बघत होती. लुगड्याला गुडघ्यापाशी रक्ताचा डाग वाळला होता.

"गुडघ्याला काय झालं?"

"धोंड्यावरनं पडले."

"कुठल्या?" तिनं विचारलं, आणि मग तिलाच कळलं. "कोन व्हतं संगं?"

"कोन न्हाई."

ती उठली. टेम्पोपाशी गेली, मागच्या फळीवरून आत बघितलं. ड्रायव्हर भारा उचलायला पुढे झाला तर तिनं हातानंच त्याला थांबवलं. एक टोक तिनं धरलं, एक मी. दोघींनी तो अंगणात आणला. दोघींच्या हातांत तो काहीच नव्हता.

मी दोरी सोडत असताना म्हणाले, "तवा हिरड्याखाली तू म्हनत व्हतीस ते खरं व्हतं. मला ठावं व्हतं. मी तुला बोलू दिलं न्हाई."

"मला बी ठावं व्हतं, तुला ठावं हाय ते."

"मग सायबाला म्हनली का न्हाईस?"

"तुजी जोडीन व्हते मी. तुज्या गिऱ्हाइकाफुडं तुला खोटं पाडू?"

एवढंच ती म्हणाली. तिनं भाऱ्यातल्या दोन काड्या काढल्या. दोन्ही हातांत धरल्या. मी वाट बघत होते, आता आपटून बघेल.  तिनं मान वर करून मला विचारलं, "भिजली न्हाई ना कुटं?"

"न्हाई."

"बरं." तिनं काड्या न आपटता बंबात घातल्या. कारवी तशीच पेटते, एकदम, पिवळीधमक. पाण्याला लगेच आवाज सुटला. चष्मेवाला पोरगा मोबाइलवरून वर बघून म्हणाला, "हे कुठलं लाकूड, मावशी? मस्त पेटतंय."

"आमच्याकडचं हाय," ती म्हणाली.

मी तिला म्हणाले, चल माझ्याबरोबर. वखारीत बस. माझ्याकडे मालाची पारख करणारं कोणी नाही. तुला डोंगरात जायला नको, काही उचलायला नको. मी चांगला पगार सांगितला, मग आणखी चांगला. तिनं ऐकून घेतलं.

"भाव करू नगंस," ती म्हणाली. "नातीची शाळा हाय हितं. आनि ह्यी पोरं सक्काळी उटून पान्याची वाट बगत्यात."

"मग फुडल्या फुलोऱ्याला?"

"तवर जगले तर बगू." बंबाची राख ओढून म्हणाली, "डोंगर कसा दिसतुया?"

मी सांगितलं. करडा, मोकळा, कोणी नाही. खाली रोपं उगवायला लागतील. धोंड्याची वरची बाजू अजून गुळगुळीत आहे. ती एक एक ऐकून मान हलवत होती आणि अधूनमधून बंबात काडी सारत होती. मला वाटलं ती अजून विचारेल. मी आणखी सांगितलं असतं, करवंदाची जाळी आहे का, वाट बुजली का. पण बादल्या रांगेला लागल्या आणि ती पाणी काढायला उठली.

मी निघाले. फुटलेला गुडघा आखडला होता, टेम्पोत चढताना त्रास झाला. एक पाय वर टाकला, तोल गेला, पुन्हा टाकला. कशीबशी सीटवर बसले आणि मागे बघितलं. ती बंबापाशी उभी होती. एका हातात भरलेली बादली, दुसरा हात माझ्या दिशेनं थोडा पुढे आलेला. पोरं मागून पाणी मागत होती. टेम्पो सुरू झाला, चाळीच्या कोपऱ्यावर वळला, तोवर ती जागची हलली नाही.